डोळ्याचं ऐकणारा कान

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत गव्हाणी घुबडाच्या पिल्लांना चष्मे लावत. हलकी फ्रेम, ती डोक्याच्या हाडावर पक्की बसवलेली, आणि काचांच्या जागी दोन लोलक. या लोलकांतून समोरचं सगळं जग २३ अंश बाजूला सरकलेलं दिसतं. हात पुढे ताणून वीत फाकवा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं मावतं, त्याहून थोडं जास्तच. उंदीर बरोबर नाकासमोर असेल, तर पिल्लाला तो वीतभर उजवीकडे दिसणार.

चष्मा डोळ्यांना होता. कानांना कुणी हातही लावला नव्हता. तरी सहा-आठ आठवड्यांनी तपासलं, की बदललेलं असायचं ते ऐकणं. अंधाऱ्या खोलीत नाकासमोरून आवाज केला, तर पिल्लू मान वळवायचं ती २३ अंश उजवीकडे. चष्मा काढून घेतला तरी तिकडेच.

'ऐकणं' या आपल्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, कानावर येणं आणि सांगितलेलं मानणं. या प्रयोगशाळेचे मेंदू-अभ्यासक एरिक नुडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षं ज्या प्रकरणाचा पाठपुरावा केला, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कान डोळ्याचं ऐकतो म्हणजे मेंदूत नक्की कुठे, कोणत्या सिनॅप्समध्ये, काय घडतं? दोन चेतापेशींमधला जो जोड असतो, तो सिनॅप्स. आणि अनुभवाने हा जोड घट्ट होणं, सैल होणं, नवा फुटणं, याला सिनॅप्सची लवचीकता म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत येतं. इथे ते एका पक्ष्याच्या डोक्यात, बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी सापडलं.

पक्षी

गव्हाणी घुबड आपल्याला नवं नाही. जुने वाडे, पडक्या देवळांचे कोनाडे, धान्याची गोदामं ही त्याची ठिकाणं. पांढरा बदामी चेहरा आणि रात्री अंगावर काटा आणणारा चीत्कार यामुळे बिचाऱ्याला अपशकुनी ठरवलं गेलंय. दिवाळीत त्यालाच लक्ष्मीचं वाहन म्हणून मान, हेही आपणच करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो फुकटातला उंदीर पकडणारा गडी.

तो उंदीर अंधारात कसा पकडतो, हे रॉजर पेन यांनी तपासलं. पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे यांचं नाव जगभर झालं, पण त्याआधी ते घुबडांच्या मागे होते. पूर्ण काळोखी खोली, जमिनीवर वाळलेला पाला, त्यात उंदीर. घुबडाने झडप घातली ती थेट उंदरावर. मग शंका आली, की वासाने कळत असेल, किंवा अंगाच्या उबेने. म्हणून पेन यांनी उंदराएवढा कागदाचा बोळा पाल्यातून ओढला. घुबड बोळ्यावर तुटून पडलं. बोळ्याला ना वास उंदराचा, ना ऊब. सळसळ तेवढी होती.

त्या चेहऱ्याचा पांढरा बदाम दिसायला गोड असला, तरी मुळात ती आवाज गोळा करायची थाळी आहे. दाट, ताठ पिसांची कड आवाज वळवून कानांच्या छिद्रांकडे नेते. ही छिद्रं पिसांखाली लपलेली आणि चक्क वरखाली आहेत. डावं जरा वर आणि खालच्या दिशेला वळलेलं, उजवं जरा खाली आणि वरच्या दिशेला. परिणामी खालून आलेला आवाज डाव्या कानाला जास्त मोठा लागतो आणि वरून आलेला उजव्याला. आवाज किती उंचावरून येतोय, ते दोन कानांतल्या या तीव्रतेच्या फरकावरून ठरतं.

डावं-उजवं ठरवायला दुसरा हिशेब, वेळेचा. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात किंचित उशिरा. किती उशिरा? घुबडाचं डोकं ते केवढं! आवाज एका अंशाने बाजूला सरकला, की हा फरक साधारण अडीच मायक्रोसेकंदांनी वाढतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. चष्म्याचे २३ अंश या मापात मोजले, तर जेमतेम ५७-५८ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात आवाज हवेतून दोन सेंटिमीटर जातो. या पुढची सगळी गोष्ट त्या दोन सेंटिमीटरांची आहे.

मेंदूतला नकाशा

जपानमध्ये क्योटोत जन्मलेले मासाकाझु कोनिशी अमेरिकेत पक्ष्यांची गाणी अभ्यासत होते, तिथून ते घुबडांकडे वळले. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत त्यांच्याबरोबर तरुण नुडसन काम करत होते. प्रतिध्वनी गिळणाऱ्या खोलीत घुबडाच्या भोवती अर्धगोल कमानीवर फिरणारा स्पीकर, आणि मध्यमेंदूत केसाहून बारीक इलेक्ट्रोड. १९७८ साली दोघांनी जे छापलं, त्याने कानाच्या अभ्यासकांना धक्का बसला. मध्यमेंदूच्या एका कडेला अशा चेतापेशी सापडल्या, की प्रत्येक पेशी अवकाशातल्या एकाच ठिकाणच्या आवाजाला उत्तर देते. शेजारची पेशी शेजारच्या ठिकाणाला. अशी रांगेने मांडणी. म्हणजे घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या जागांचा नकाशा आहे.

डोळ्याच्या बाबतीत असा नकाशा असणं साहजिक आहे. डोळ्याच्या पडद्यावर जगाचं चित्र उमटतंच, मेंदूने ते उचलायचं एवढंच. कानाच्या आत मात्र जागेचं चित्र कुठेच नसतं. तिथे स्वरांची पट्टी असते, उंच सूर एका टोकाला, खर्ज दुसऱ्या टोकाला. जागा मेंदूला हिशेब करून काढावी लागते, आणि हा हिशेब सरळ नाही. ५,००० हर्ट्झचा सूर घ्या. त्याची लाट दर २०० मायक्रोसेकंदांनी पुन्हा तशीच येते. मग 'उजवा कान ५० मायक्रोसेकंद पुढे' आणि 'डावा कान १५० मायक्रोसेकंद पुढे' यांत फरक कसा करणार? एकट्या सुरावरून तो करताच येत नाही. सळसळीत मात्र शेकडो सूर एकदम असतात आणि प्रत्येकाचा गोंधळ वेगळा. खरी जागा तेवढी सगळ्यांत सामाईक निघते.

मध्यमेंदूच्या गाभ्यात सूर अजून वेगवेगळे असतात. गाभ्यातून कडेला जाणाऱ्या तंतूंवर सगळ्या सुरांची बेरीज होते आणि जागा पक्की ठरते. ही कड लक्षात ठेवा. गाभ्याकडून कडेकडे येणाऱ्या या तंतूंच्या टोकांवरच सगळा खेळ झाला. कडेपासून हा नकाशा पुढे दृष्टिपिंडात, म्हणजे मध्यमेंदूतल्या डोळ्यांच्या केंद्रात, जातो. तिथे डोळ्यांचा नकाशाही असतो, आणि दोन्ही एकावर एक बरोबर बसलेले असतात, ट्रेसिंग पेपर मूळ चित्रावर ठेवावा तसे. समोरून उंदीर चूं करतो आणि समोर दिसतो, तेव्हा दोन्ही नकाशांवर एकाच जागी दिवा लागतो.

हे दोन कागद जुळवतं कोण?

बोळा, झाकलेले डोळे आणि उलटा नकाशा

पिल्लू वाढतं तसं त्याचं डोकं मोठं होतं, चेहऱ्याची पिसं दाट होतात, कानांतलं अंतर बदलतं. काल ४० मायक्रोसेकंदांचा जो अर्थ होता, तो आज नसतो. जन्मतः दिलेला कोष्टक पुरणार नाही, हे उघड आहे. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डला नुडसन यांनी पिल्लांच्या एका कानात बोळा बसवून पाहिलं. उजव्या कानात बोळा घातला, की पिल्लाला आवाज डावीकडून आणि खालून आल्यासारखा वाटायचा. वरखाली कानांचा तो परिणाम. साधारण आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं काही आठवड्यांत ही चूक भरून काढत आणि बोळ्यासकट बरोबर मान वळवू लागत. बोळा काढला की उलट्या बाजूला चूक, तीही हळूहळू निघून जाई. मोठ्या घुबडांची चूक मात्र तशीच राही.

चूक झाल्याचं पिल्लाला कळवत कोण होतं? १९८५ साली याचा उत्तरार्ध छापून आला. बोळा काढल्यावर डोळे झाकून ठेवले, तर सुधारणा होतच नाही. म्हणजे मास्तर डोळेच.

'कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर असतं' असं आपल्याकडे म्हणतात, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, या अर्थाने. घुबडाचा मेंदू ही म्हण अक्षरशः पाळतो. अंधत्वात वाढवलेल्या घुबडांमध्ये कानाचा नकाशा तयार होतो, पण त्यात अजब गफलती असतात. १९९१ साली छापलेल्या नोंदीत अशा घुबडांच्या दृष्टिपिंडात आडव्या दिशेने ताणला गेलेला नकाशा आढळला, आणि काही ठिकाणी तर वरचं खाली नि खालचं वर, असा उलटा. कानाला आतून आवाजाची रांग लावता येते. रांगेचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, ते त्याला डोळ्याशिवाय ठरवता येत नाही.

आता लोलकांची युक्ती का सुचली असेल ते कळतं. बोळ्याने कान चुकीचा होतो आणि डोळा त्याला सुधारतो. पण कान बरोबर असेल आणि डोळाच चुकत असेल तर? माणसाला लोलकाचा चष्मा दिला, तर तो डोळे फिरवून थोडंफार भागवतो. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ घट्ट बसलेले असतात, म्हणून तर ते मान एवढी गरागरा फिरवतं. लोलकाने सरकवलेलं दृश्य त्याच्यासाठी दिवसरात्र तेवढंच सरकलेलं राहतं. पळवाट नाही.

निकाल वर सांगितलाच आहे. बरोबर असलेला कान चुकीच्या डोळ्यापुढे झुकला. पिल्लाची मान किती वळते हे मोजायला डोक्यावर तारेचं बारीक वेटोळं आणि भोवती चुंबकीय क्षेत्र. मान अंशभर हलली तरी आकडा मिळतो. चष्मा काढल्यावरही आवाजाकडे मान वाकडी जाते, हे महत्त्वाचं. 'समोर दिसत नाही, तर उजवीकडे बघू' अशी वरवरची तडजोड झाली असती, तर चष्म्याबरोबर तीही उतरली असती. इथे ऐकण्याचाच अर्थ बदलला होता.

बदल नक्की कुठे झाला

मायकेल ब्रेनार्ड आणि नुडसन यांनी १९९३ साली ती जागा शोधली. कानाच्या मार्गावर एकेक स्टेशन घेत इलेक्ट्रोड घातला. मध्यमेंदूच्या गाभ्यात सगळं जसंच्या तसं, तिथल्या पेशींना चष्म्याचा पत्ताच नव्हता. एक टप्पा पुढे, कडेवर, सगळं सरकलेलं. म्हणजे बदल गाभा ते कड या एका जोडावर. कानापासून दृष्टिपिंडापर्यंत इतके टप्पे असताना लवचीकता नेमकी तिथेच भरून ठेवलेली असावी, यात एक शहाणपण आहे. गाभ्यापर्यंतचा मायक्रोसेकंदांचा हिशेब बिघडला, तर सगळंच बिघडेल. हिशेब तसाच ठेवून फक्त 'हा हिशेब म्हणजे कुठली जागा' एवढं बदलायचं, म्हणजे काम सोपं.

एक पेशी जवळून बघू. उजवीकडे २३ अंशांवरच्या जागेची पेशी. नेहमीच्या घुबडात ती 'उजवा कान ५७ मायक्रोसेकंद पुढे' या आवाजाला पेटते. चष्मा लावल्यावर त्या जागी दिसतो तो खरं तर समोरचा उंदीर. समोरच्या उंदराच्या आवाजात दोन्ही कानांत फरक शून्य. वेळेच्या कुठल्या फरकाला पेशी किती पेटते, याचा आलेख काढला, तर आठवडे जातात तसा त्याला दुसरा उंचवटा फुटतो, शून्यावर. काही काळ दोन्ही उंचवटे शेजारी शेजारी दिसतात, जुनं आणि नवं. मग जुना खचत जातो आणि शून्यावरचा तेवढा राहतो.

नवा उंचवटा फुटतो कसा? डॅनियल फेल्डमन, ब्रेनार्ड आणि नुडसन यांनी १९९६ साली दाखवलं, की तो मोठ्या प्रमाणात एनएमडीए या ग्राहकावर उभा असतो. ग्राहक म्हणजे सिनॅप्सच्या अलीकडच्या, संदेश घेणाऱ्या पेशीच्या काठावरचं दार. साधं दार पलीकडून रसायन आलं की उघडतं. हे दार उघडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. पलीकडून रसायन यायला हवं आणि अलीकडची पेशी आधीच थोडी जागी असायला हवी. दोन साक्षीदारांच्या सहीशिवाय न हलणारा कारकून समजा. कानाकडून आलेला संदेश ही एक सही. पेशीला जागी ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं, आणि इथे ते डोळ्यांकडून येऊ शकतं, हा तर्क. एनएमडीएचं दार औषधाने बंद केलं, तर नवं उत्तर जास्त ढासळायचं आणि जुनं त्यामानाने टिकायचं.

पण फक्त दारांची फेरबदल झाली नाही, तंतूही वाढले. १९९७ साली फेल्डमन आणि नुडसन यांनी, आणि २००१ साली विल्यम डिबेलो यांच्यासह पुन्हा, रंगद्रव्य टोचून गाभ्याकडून येणारे तंतू पाहिले. चष्मा घालून वाढलेल्या घुबडांत तंतूंच्या फांद्या नव्या जागी दाट झालेल्या दिसल्या, बरोबर त्याच दिशेला जिकडे नकाशा सरकला होता. जुन्या जागच्या फांद्या छाटल्या गेल्या नव्हत्या. त्या तिथेच होत्या.

मग जुनं उत्तर गप्प का? वेइमिन झेंग आणि नुडसन यांनी १९९९ साली ते सोडवलं. गाबा हे मेंदूतलं 'थांब' सांगणारं रसायन. त्याचं काम औषधाने थोडा वेळ अडवलं, की शिकलेल्या घुबडाच्या कडेत जुनं उत्तर परत उमटायचं. पाटी पुसून नवी अक्षरं काढली जात नाहीत. जुनी अक्षरं तशीच ठेवून त्यांवर हात धरला जातो.

इथे थोडं थांबून माणसाकडे बघायला हरकत नाही. नेदरलँड्समध्ये निमेगेन इथे हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑप्स्टल यांनी १९९८ साली चार मोठ्या माणसांच्या दोन्ही बाह्यकर्णांत साचे बसवले. माणसाचा कान वरखाली नसतो. उंची आपण बाह्यकर्णाच्या घड्यांवरून ओळखतो, आणि साच्याने घड्यांचा आकार बदलला. पहिल्या दिवशी चौघांनाही आवाज वरून येतोय की खालून, हे कळेना. काही आठवड्यांत कळू लागलं. साचे काढले, तर जुन्या कानांनी लगेच, त्याच क्षणी, बरोबर ऐकू आलं. घुबडासारखी उलटी चूक झालीच नाही. दोन भाषा येणारा माणूस एका भाषेतून दुसरीत जातो, तसं. मेंदूत ते कुठे घडलं, हे या प्रयोगाने दाखवलं नाही, ते घुबडाच्या प्रकरणाचं काम. पण नवं आलं म्हणून जुनं गेलं असं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

मास्तरची छडी

डोळ्यांचा धडा कानाच्या कडेपर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न उरला होता. नकाशा जिथे बदलतो ती कड कानाची आहे, डोळ्यांच्या मार्गावर नाही. २००२ साली दोन बाजूंनी उत्तर आलं. पीटर हाइड आणि नुडसन यांनी चष्मा घातलेल्या घुबडांच्या दृष्टिपिंडाचा एक भाग निकामी केला. कानाच्या कडेवरचा त्याच्याशी जुळणारा भाग तेवढा शिकला नाही, बाकीची कड शिकली. म्हणजे दृष्टिपिंडाकडून कडेकडे, जागेला जागा लावून, परतीची वाट आहे.

योराम गुटफ्रॉइंड, झेंग आणि नुडसन यांनी दाखवलं, की या वाटेवर एरवी कडी लावलेली असते. नुसता प्रकाश दाखवला तर कानाच्या कडेवरच्या पेशी मख्ख. दृष्टिपिंडातला 'थांब' हटवला, की त्याच पेशी प्रकाशालाही उत्तर देऊ लागतात. कडी का असावी, याचा मी असा अर्थ लावतो, की दिसलेल्या प्रत्येक हलत्या पानावरून कानाचा नकाशा बदलत बसणं कुठल्याही शिकाऱ्याला परवडणार नाही. लक्ष देऊन पाहावं लागतं तेव्हाच दार उघडावं. हा माझा अर्थ, प्रयोगाने एवढं सिद्ध केलेलं नाही. पण पुढे जे झालं, ते याला धरूनच आहे.

मोठी घुबडं

या प्रकरणाचा सगळ्यात जास्त उद्धृत झालेला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचा वाचला गेलेला भाग हा. साधारण २०० दिवसांपेक्षा मोठ्या घुबडाला २३ अंशांचा चष्मा लावला, की नकाशा जवळपास हलत नाही. महिने गेले तरी. यावरून 'संवेदनशील काळ संपला, मेंदूचं दार बंद' असं लिहायची रीत पडली. कर्णबधिर बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, लवकर बसवा असं डॉक्टर सांगतात, त्यामागेही असाच, पण माणसावर वेगळा तपासलेला, विचार आहे. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूची आवाजाला दिलेली लहर वयाला साजेशी होते, सात वर्षांनंतर बसवलं तर बहुतेकांची होत नाही. ही घाई खरीच आहे. गल्लत होते ती 'लवकर सोपं' याचं 'नंतर अशक्य' असं भाषांतर करताना.

पहिला तडा १९९८ साली नुडसन यांच्याच निकालाने गेला. लहानपणी चष्म्याने एकदा नकाशा सरकवलेली घुबडं घेतली, चष्मा काढून त्यांचं ऐकणं पूर्ववत होऊ दिलं, आणि मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा तोच चष्मा लावला. ती शिकली. ज्यांनी लहानपणी चष्मा पाहिलाच नव्हता, ती त्याच वयात शिकली नाहीत. २००५ साली कारण दिसलं. ज्यांनी लहानपणी शिकून घेतलं होतं, त्यांच्या मेंदूत त्या वेळी फुटलेल्या तंतूंच्या फांद्या मोठेपणीही होत्या, वर्षानुवर्षं न वापरता, हात धरलेल्या अक्षरांसारख्या.

दुसरा तडा साधा होता, इतका की आधी कुणाच्या लक्षात कसा आला नाही, याचं नवल वाटतं. प्रत्येक वेळी मोठ्या घुबडाला एकदम २३ अंशांच्या दरीत ढकललं जात होतं. ब्री लिंकनहोकर आणि नुडसन यांनी २००२ साली पायऱ्या केल्या. आधी ६ अंशांचा चष्मा, तो अंगवळणी पडला की ११, मग १७, मग २३. मोठ्या घुबडांचे नकाशे सरकले. पिल्लांइतके नाहीत, पण एकदम २३ अंशांचा चष्मा लावलेल्या मोठ्यांपेक्षा स्पष्ट जास्त. आणि पायरी-पायरीने एकदा चढलेलं घुबड पुढे २३ अंशांची उडी एका दमात मारू शकलं.

मला यात तंतूंचं गणित दिसतं. जुन्या जागेच्या आसपास थोड्या फांद्या असतातच, ६ अंशांपर्यंत त्या पोचत असाव्यात. त्यांना बळ मिळालं की पुढची पायरी हाताशी येते. एकदम २३ अंशांवर जायचं म्हटलं, तर तिथे पकडायला तंतूच नाही, आणि दोन साक्षीदारांपैकी एक गैरहजर असला की त्या कारकुनाचं दार उघडत नाही.

आणि तिसरा तडा, जो पेन यांच्या पाल्याने भरलेल्या खोलीत सहज शोभला असता. जोसेफ बर्गन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली, कधीच चष्मा न लावलेल्या मोठ्या घुबडांचे दोन गट केले. दोन्ही गटांना चष्मे, दहा आठवडे. एका गटाला खायला मेलेले उंदीर मिळत. दुसऱ्याला जिवंत उंदीर पकडून खावा लागे. शिकार करणाऱ्यांचे नकाशे सरासरीने पाचपट जास्त सरकले, आणि ज्यांचा नकाशा जास्त सरकला, त्यांची झडप घालून शिकार पकडण्याची हातोटीही सुधारत गेली. शिकारीला दिवसातला थोडाच वेळ जाई. बाकी सारा दिवस दोन्ही गटांतली घुबडं सारखेच चष्मे लावून, सारख्याच जागी, सारख्याच सरकलेल्या जगाकडे बघत बसलेली असत.